टीव्हीतले रोही

जगदेवच्या घरात पहिली आग लागली ती टीव्हीत.

मी तिथंच खाटेच्या कडेला चहा पीत बसलो होतो. मी गफ्फार, रिठदचा पिंजारी. गाद्या भरतो, रजया भरतो, आणि जगदेवच्या शेताला लागून एक तुकडा जमीन आहे तीही कसतो. तरुणपणी आम्ही दोघं एकाच मचाणावर रात्री पिकाच्या जागलीला असायचो. जगदेव गोफण फिरवून रोही, म्हणजे नीलगायी, हाकलायचा आणि मी त्याला झोप लागू नये म्हणून गोष्टी सांगायचो. आमच्याकडचा एक रोही शेलूबाजारच्या फाट्यावर माणसांसारखा उभा राहून जीपमध्ये बसून गेला, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. जगदेवची बायको तुळसाबाई अजून विचारते, "गफ्फारभाऊ, मांगच्या शीटवर बसला का डायवरपाशी?"

डायव्हरपाशी. शिंगं मागं मावत नव्हती.

तर आग. जगदेवला दोनेक वर्षांपासून विसरायला व्हायला लागलं होतं. आधी चष्मा, मग माणसं, मग सालं. तो कधी आजच्यात असायचा, कधी चाळीस वर्षं मागच्या हंगामात. वाशीमच्या डॉक्टरनं सांगितलं, की यांच्यापुढं बातम्या, मारामाऱ्या, रडारड लावू नका. मन निवेल असं काहीतरी लावा. सून स्नेहा, मुलगा राजपालची बायको, मनापासून करणारी पोरगी. तिनं फोन टीव्हीला जोडला आणि शोधून शोधून शांत चित्रं लावायला लागली. थंडीचे दिवस होते, म्हणून त्या संध्याकाळी तिनं शेकोटी लावली. टीव्हीभर नुसती लाकडं जळताहेत, तडतड वाजताहेत, बाकी काही नाही. कुण्या परदेशातल्या लोकांना ते तासन्‌तास पाहून गुंगी येते म्हणे.

"घ्या मामाजी, शेका," ती हसून म्हणाली.

जगदेवनं पाहिलं. त्याच्या हातातली बशी खाली पडली.

"सुडी पेटली!" तो ओरडला. "राजपाल, ऊठ बे! सोयाबीनची सुडी पेटवली कोनंतरी!"

मागे एकदा त्याची कापून रचलेली सुडी खरंच कुणीतरी पेटवून दिली होती. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. जगदेवनं पाण्याची बादली उचलली, स्नेहानं त्याचा हात धरला, रिमोट काही सापडेना. तो रिमोट जगदेव बॅटरी, म्हणजे टॉर्च, समजून कुठंही ठेवायचा. एकदा गोठ्यातल्या कुटाराच्या, भुशाच्या ढिगात निघाला होता. शेवटी तुळसाबाई आतून आली, दाराजवळच्या मेन स्विचचा खटका तिनं खाली ओढला. घर काळं झालं. आग गेली.

अंधारात जगदेवचा श्वास ऐकू येत होता.

"इझली," तो म्हणाला, आणि खाटेवर बसला.

त्या दिवसापासून तुळसाबाईला तो उपायच सापडला. टीव्हीत काही वाकडं दिसलं की खटका पाडायचा. रिमोट शोधायचा नाही, बटण शोधायचं नाही. सगळं घर अंधारात गेलं तरी चालेल, म्हातारा शांत होतो ना!

आणि वाकडं रोजच दिसायला लागलं. स्नेहानं पाऊस लावला, पानांवर टपटप पडणारा. जगदेवनं दारावरचे पडदे ओढून काढले आणि सोफ्यावर ताडपत्रीसारखे पसरून त्यांच्या चारी कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे ठेवले. तिनं बर्फाचे डोंगर लावले. जगदेव डोक्याला हात लावून बसला, "गारा पडल्या वं तुळसे, गहू झोपला." तिनं समुद्र लावला. त्यानं तुळसाबाईला दंडाला धरून खाटेवर चढवलं आणि रडवेला होऊन म्हणाला, "नाल्याले पूर आला, खाली उतरू नोको."

"याइले काय दाखवू मंग मी?" स्नेहा एक दिवस माझ्याजवळ रडकुंडीला आली. "जगातल्या लोकायले ज्यानं बरं वाटते, त्यानं याइच्या पोटात गोळा येते."

"भाषणं लाव," मी म्हणालो. "सभेत तो पह्यल्या पाच मिनटात घोरत होता."

ती हसली. पण मला हसू येत नव्हतं, कारण एक गोष्ट मी पाहत होतो आणि घरातलं दुसरं कुणी पाहत नव्हतं. खटका पाडला की चित्र जायचं, पण जगदेवच्या डोक्यातलं जायला वेळ लागायचा, आणि तेवढ्यात तो उठून चालायला लागायचा. आगीच्या वेळी खाटेपासून उठून परत बसला. पावसाच्या वेळी मागच्या दारापर्यंत गेला. गारांच्या वेळी अंगणात सापडला. पुराच्या वेळी, तुळसाबाई खाटेवरून उतरेपर्यंत, तो गोठ्याच्या मागं होता. दर वेळी थोडा पुढं. घराचं मागचं दार उघडलं की गोठा, गोठ्यामागं शेत, आणि शेताच्या टोकाला नाल्याकाठी तूर.

तुरीला तार होती.

आमच्याकडं रोही आणि रानडुक्कर काय करतात ते ज्यांचं शेत त्यांनाच माहीत. फुलोऱ्यावर आलेली तूर एका रात्रीत शेंड्यापासून जाते. राजपालनं झटका मशीन आणली होती; जनावराला चटका बसतो, मरत नाही. तिची बॅटरी चोरीला गेली. मग त्यानं दुसऱ्या काहीजणांनी केलं तेच केलं. घरच्या लाइनीतून वायर ओढून उघड्या तारेत सरळ करंट सोडला. असा करंट सोडणारे तारेच्या टोकाला एक बारका लाल बल्ब लावतात. बल्ब पेटलेला असला तर आपल्या माणसानं तिकडं जायचं नाही. जनावरांना बल्बाचा अर्थ कळत नाही. जगदेवलाही आता कळत नव्हता.

तुळसाबाईला हे समजलं तेव्हा तिनं राजपालला जेवू घातलं नाही. "तुहा बाप घरात ठरून नाही राह्यला अन् तू वावरात मौत टांगून ठेवली? काढ पह्यले."

त्यानं काढली. निदान बल्ब तरी घराकडच्या टोकाला दिसेनासा झाला.

मग एका दुपारी मी गोठ्यामागून चाललो होतो. कुटाराच्या ढिगातून एक बारीक काळी वायर निघाली होती आणि बांधाच्या गवतातून नाल्याकडं गेली होती. मी तिच्या कडेकडेनं गेलो. तार तशीच होती, बांबूंवर ताणलेली. बल्ब मात्र आता नाल्याच्या अंगाला होता, घरातून दिसणार नाही असा.

मी परत येऊन तुळसाबाईला सांगितलं.

"राजपालनं वायर काढली भाऊ, माह्या समोर गुंडाळली."

"दुसरी टाकली. कुटारातून जाऊन राह्यली."

तिनं माझ्याकडं पाहिलं. तुमच्याकडं कधी बायको असं पाहते का माहीत नाही. माझी ताजबी रोज पाहते. "कुटारातून? तुमचा तो रोही जीपीतून उतरला असन आता, त्यानंच टाकली असन."

तरी तिनं राजपालला विचारलं. तो भाकरी मोडता मोडता म्हणाला, "गफ्फारकाका सांगते अन् तू ऐकते, माय?" माझ्या नजरेला मात्र त्यानं नजर दिली नाही. बाहेर गाठून मी त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "बाबा अंधार पडल्यावर घरात राह्यते, अन् मी अंधार पडल्यावरच वायरची पीन बोर्डात लावतो. तूर गेली तं सालभर काय खाऊ घालू त्याले, तुमच्या गोष्टी?"

"पीन कुठी लावतं?"

"तुमाले कायले पाह्यजे? तुमी गावभर सांगसान."

आता एकच उरलं होतं: जगदेवला संध्याकाळी खाटेवर धरून ठेवील असं काहीतरी टीव्हीत सापडायला पाहिजे होतं.

ते सापडलं सेवालालच्या गोठ्यात. सेवालाल आमच्या तांड्यावरचा. गावात सगळ्यांनी ट्रॅक्टर धरले, पण त्यानं बैलजोडी सोडली नाही. जगदेवची जोडी जाऊन खूप वर्षं झाली होती. पोवळ्या आणि चांद्या. जगदेवला सुनेचं नाव आठवत नसे, पण या दोघांच्या अंगावरचे भोवरे तो बोटानं हवेत काढून दाखवी. मी स्नेहाला म्हणालो, सेवालालची जोडी बसलेली असताना फोनवर काढून आण. बस, बैल बसलेले. बाकी काही नको.

तिनं काढून आणली. टीव्हीवर दोन बैल, पाय पोटाखाली घेऊन, रवंथ करताहेत. मधूनच एकाचं शेपूट हलतं. एक माशी कानावर बसते, कान झटकला जातो. मागं गोठ्याचा काळोख.

जगदेव पाहत राहिला. थोड्या वेळानं त्याचा स्वतःचा जबडा हलायला लागला, बैलांच्या तालात.

"बसली बापा," तो म्हणाला. "दमली होती."

मग त्यानं तुळसाबाईकडं वळून विचारलं, "पानी दाखवलं काय?" ही त्याची जन्माची सवय. दिवस मावळला की आधी बैलांना पाणी दाखवायचं, मग स्वतः पाणी प्यायचं. घरात पाहुणे असोत की मयत, जगदेवनं ते पाणी कधी चुकवलं नाही. लग्नात वरातीतून उतरून पाणी दाखवायला गेला होता, आणि ही माझी गोष्ट नाही, तुळसाबाईचं गाऱ्हाणं आहे.

"दाखवलं," ती म्हणाली.

त्यानं पेला उचलला आणि पाणी प्याला. कित्येक महिन्यांनंतर त्या घरात कुणी हळू आवाजात बोललं. रोज संध्याकाळी बैल लागायचे. तुळसाबाई खटक्यापासून दूर बसायला लागली. राजपालच्या खांद्यावरचं ओझंही उतरलेलं दिसलं, आणि मला तेच आवडलं नाही. बाप आता हलत नाही म्हणून तो दिवस पुरता मावळायच्या आधीच पीन लावायला लागला होता.

एका संध्याकाळी मी नेहमीसारखा गेलो. तुळसाबाई समोरच्या नळाला पाण्याचा गुंड भरत होती. स्नेहा स्कूटीवर गिरणीत गेली होती.

"या भाऊ, जा अंदर. बैल पाहून राह्यले तुमचे दोस्त."

मी आत गेलो. खाट रिकामी होती.

स्नेहाचा फोन शोकेसवर होता आणि टीव्ही चालू होता. बैलांचं चित्र संपलं होतं. एक संपलं की फोन आपल्या मनानं दुसरं लावतो. त्याला वाटलं असेल, जनावरं आवडतात या घराला. टीव्हीवर हिरव्या गवतात रोह्यांचा कळप होता. मंद वाद्य वाजत होतं. माद्या खाली माना घालून ओरबाडत होत्या आणि मधोमध एक निळाभोर नर मान वर करून उभा होता. माझ्याकडं बघत होता. मी आयुष्यभर रोह्यांच्या गोष्टी सांगितल्या. एकाही रोह्यानं माझ्याकडं असं पाहिलं नव्हतं.

खुंटीवरची गोफण नव्हती. मागचं दार उघडं होतं.

"तुळसाबाई!"

ती धावत आली. तिनं टीव्ही पाहिला आणि दुसरं काही पाहायच्या आधी तिचा हात खटक्यावर गेला. घर काळं झालं.

"इहिरीकडं गेले असन," ती म्हणाली, आणि बॅटरी घेऊन विहिरीकडं पळाली.

मी नाल्याकडं पळालो. या वयात पळालो म्हणजे काय, गादीत कापूस कोंबल्यासारखा श्वास छातीत कोंबत चाललो. आभाळात अजून थोडा उजेड होता. तुरीच्या ओळी दोन्ही बाजूंनी अंगाला लागत होत्या. पुढं कुणी बोलत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. ओरडणं ऐकू आलं असतं तर बरं वाटलं असतं.

तुरीच्या टोकाला राजपाल उभा होता, दोन्ही हात डोक्यावर. त्याच्यापुढं जगदेव. गोफण खांद्यावर, आणि दोन्ही मुठींत ती उघडी तार.

जगदेव ती ओढून पाहत होता.

"ढिली हाये," तो मला म्हणाला, जणू आम्ही सकाळपासून सोबतच होतो. "म्हनूनच घुसले. पाह्य गफ्फाऱ्या, कशी लोंबून राह्यली."

राजपाल माझ्याकडं वळला. "मी... मी ओरडाले गेलो काका. बाबानं धरली. मी डोये मिटले." त्यानं बल्बाकडं बोट केलं. बल्ब विझलेला होता. "कसा काय?"

"तुह्या मायनं खटका पाडला," मी म्हणालो. "टीव्ही बंद कराले."

तो बापावर झेपावला आणि त्याची बोटं सोडवायला लागला. झालं उलटं. जगदेवनं तार छातीशी आवळली. "चोर हाये हा! तार चोरते! गफ्फाऱ्या, धर याले!" अंगात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे, राजपाल मागं पडला.

आणि तेव्हा घराकडं उजेड दिसला.

स्कूटीचा दिवा. गिरणीतून स्नेहा आली होती. दिवा वळला, अंगणात शिरला, थांबला. घरात अंधार, घरात कुणी नाही. तुळसाबाईची बॅटरी दूर विहिरीपाशी हलत होती. अंधारलेल्या घरात शिरलेली बाई पहिल्यांदा काय करते?

"स्नेहा! खटक्याले हात लावू नोको!" राजपाल ओरडला. वारा घराकडून आमच्याकडं होता. त्यानं खिशातून फोन काढला, नंबर लावला, आणि त्याला आठवलं. स्नेहाचा फोन शोकेसवर होता, टीव्हीला जोडलेला.

"पीन कुठी हाये?" मी विचारलं.

"कुटारात!" तो गोठ्याकडं पळत सुटला. तो पोचणार नव्हता. हे त्यालाही दिसत होतं, तरी पळत होता.

स्कूटीचा दिवा विझला. म्हणजे ती उतरली.

मी जगदेवच्या जवळ गेलो, पण हात लावला नाही. मला आठवलं ते मचाण. तिथं मी त्याला जागं ठेवायला बोलायचो. आज उलटं पाहिजे होतं. घाई आवाजात येऊ दिली असती तर त्यानं तार आणखी आवळली असती. म्हणून मी कापूस पिंजताना बोलतो तसा बोललो, धीमा.

"जगदेव, दिवस गेला बापा."

"हं."

"पोवळ्या-चांद्या बसले."

त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"पानी दाखवाचं राह्यलं," मी म्हणालो.

त्याच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. एखाद्याला पोटचं पोर बाजारात सोडून आल्याची आठवण व्हावी तसं काहीतरी.

"अरे बापा," तो म्हणाला. "मले कोनं आठवन नाही देली." आणि त्यानं तार सोडली, जशी झोपेत रजई सोडतात, आणि वळून घराकडं चालायला लागला.

मी त्याच्या मागं पहिलं पाऊल टाकलं आणि माझ्या पाठीशी काहीतरी चरचरलं. तारेला लागलेलं ओलं गवत. नाल्याच्या अंगाला बल्ब पेटला होता, बारका, लाल. पुढं घराच्या खिडकीत उजेड होता आणि त्या उजेडात रोह्यांचं वाद्य पुन्हा वाजत असणार.

जगदेवनं मागं वळून पाहिलं नाही. त्याचे बैल तहानलेले होते.

राजपालनं दुसऱ्या दिवशी तार उपटली, वायर तोडली, पीनही विळ्यानं कापली. तुळसाबाईनं त्याला काही विचारलं नाही. तिनं मला विचारलं, आणि मी सांगितलं, आणि या वेळी तिनं एकही चिमटा काढला नाही. तो चिमटा मला अजून हवा आहे. तूर रोह्यांनी खाल्ली. आता राजपाल दिवस मावळायला येऊन बापाच्या खाटेपाशी बसतो, स्नेहा फोन हातात धरून बसते, बैल संपले की बैलच पुन्हा लावते, आणि तुळसाबाईचं पिढं खटक्याखाली असतं. जगदेव विचारतो, "पानी दाखवलं काय?" आम्ही चौघं एका तोंडानं म्हणतो, "दाखवलं."

काल मात्र तो पाणी प्याला नाही. बैल रवंथ करत होते, त्याचा जबडाही हलत होता, आणि मधेच थांबला.

"गफ्फाऱ्या, त्याइच्या मांगं कोन उभं हाये?"

मी टीव्हीकडं पाहिलं. दोन बैल. त्यांच्या मागं सेवालालच्या गोठ्यातला काळोख. नसलेली जनावरं पाहण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पण त्या काळोखात मला काही दिसलं नाही.

"कोनी नाही."

"तू जन्माचा लबाड," जगदेव म्हणाला. त्याचे पाय खाटेखाली चपला शोधायला लागले. "मान वर करून उभा हाये. मले पाहून राह्यला."

राजपालनं उठून मागचं दार लावून घेतलं. तुळसाबाईनं खटका खाली ओढला. घर काळं झालं.

अंधारात आम्ही सगळे खिडकीकडं पाहत राहिलो. आमचा बल्ब आता नव्हताच. पण पलीकडच्या शेतात एक होता, त्याच्या पलीकडं एक, नाल्याच्या वरच्या अंगाला आणखी काही. बारके, लाल. तुळसाबाईचा हात खटक्यावरच होता, आणि त्यांतला एकही विझला नव्हता.